नऊ काळे, दोन गोरे आणि एक सोयीचा निष्कर्ष

ओ. जे. सिम्पसन १० एप्रिल २०२४ रोजी लास व्हेगासमध्ये कर्करोगाने वारला. वय ७६. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांचा क्रम बहुतेक ठरलेला होता: १९६८ची हाइजमन ट्रॉफी, बफलो बिल्सकडून १९७३च्या हंगामात २,००३ यार्डांची दौड, हर्ट्झच्या जाहिराती, मग १२ जून १९९४ची रात्र. आणि शेवटी एक वाक्य, जे अमेरिकेत तीस वर्षं चाललंय आणि अमेरिकेचं राजकारण चघळणाऱ्या आपल्याकडच्या बैठकींतही हमखास ऐकू येतं: पुरावा ढीगभर होता, पण ज्युरीत नऊ जण काळे होते, त्यांनी आपला माणूस सोडला. हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यालाच पुरावा मागावा असं कुणाला वाटत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. लॉस एंजेलिसच्या बंडी ड्राइव्हवर सिम्पसनची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन आणि तिचा परिचित रॉन गोल्डमन यांचे सुऱ्याने खून झाले. घटनास्थळी सिम्पसनचं रक्त आणि एक हातमोजा, त्याच्या गाडीत रक्त, त्याच्या घरामागे दुसरा हातमोजा, त्याच्या पायमोज्यावर निकोलचं रक्त. १९८९मध्ये याच पत्नीला मारहाण केल्याचा आरोप त्याने न लढवता स्वीकारला होता. खुनांनंतर पाच दिवसांनी, पोलिसांपुढे हजर व्हायचं ठरलेलं असताना, तो मित्राच्या पांढऱ्या ब्रॉंकोतून निघून गेला आणि तो पाठलाग सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला. खटला आठ महिन्यांहून अधिक चालला. ज्युरीने चार तासांच्या आत निकाल दिला. ३ ऑक्टोबर १९९५ला पडद्यावर एका बाजूला टाळ्या पिटणारे काळे चेहरे, दुसऱ्या बाजूला सुन्न बसलेले गोरे. वर २०१६च्या एझ्रा एडेलमन यांच्या माहितीपटात ज्युरीतल्याच एका बाईने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की पोलिसांनी झोडपलेल्या काळ्या रॉडनी किंगच्या प्रकरणाचं उट्टं काढायचं ही भावना ज्युरीतल्या नव्वद टक्के लोकांच्या मनात होती. यापेक्षा भक्कम पूर्वपक्ष कुठला हवा?

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा वेळ जाणार नाही. सिम्पसननेच ते खून केले असं माझंही मत आहे. पुढचं सगळं खंडन हे मत धरूनच आहे.

पहिला प्रश्न असा, की ज्युरीसमोर काय आलं? निकालावर बोलणारे बहुतेक लोक टीव्हीवर पाहिलेल्या खटल्याबद्दल बोलतात. ज्युरी मात्र २६५ दिवस हॉटेलात कोंडलेली होती, तिला वर्तमानपत्रंही चाळणी लावून मिळत होती. तिच्यासमोर आलेल्या गोष्टींपैकी एकच जरा जवळून पाहू. १३ जून १९९४ला दुपारी पोलीस मुख्यालयात सिम्पसनच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. तो तिथेच जमा करून त्याची नोंद व्हायला हवी होती. तपास अधिकारी व्हॅनेटर यांनी बाटली पाकिटात घातली, शहर ओलांडून सिम्पसनच्या रॉकिंगहॅममधल्या घरी नेली आणि तिथे मुद्देमाल गोळा करणाऱ्या डेनिस फंग यांच्या हातात दिली. म्हणजे जिथे आरोपीच्या रक्ताचे डाग शोधायचं काम चाललं होतं, तिथेच आरोपीच्या रक्ताची बाटली येऊन पोहोचली. रक्त काढणाऱ्या परिचारकाने आधी सुमारे ८ मिलिलिटर काढल्याचं सांगितलं. हिशेबात दीड मिलिलिटरच्या आसपास कमी भरलं. नंतर त्याने आकडा बदलला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. निकोलच्या मागच्या फाटकावरचा डाग ३ जुलैला उचलला गेला, खुनांनंतर तब्बल तीन आठवड्यांनी. मृतदेह झाकायला तिच्याच घरातली चादर वापरली होती. बचाव पक्षाचे बॅरी शेक यांनी फंग यांची उलटतपासणी घेतली, ती पाहिलेल्या कुणालाही मुद्देमालाची साखळी तुटणं म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आपल्याकडे तर मुळीच नाही. मुद्देमाल सील केला नाही, पंच फितूर झाले, तपासी अंमलदाराने नोंद मागाहून केली, अशा कारणांवरून आरोपी सुटल्याची बातमी आपण दर आठवड्याला आतल्या पानावर वाचतो. 'संशयाचा फायदा' हे दोन शब्द वाचून आपण चुकचुकतो आणि राग धरतो तो तपासावर. न्यायाधीशाने जातभाईला सोडलं असा तर्क पहिल्या झटक्यात कुणी लढवत नाही.

आणि मग मार्क फरमन. कुंपणाची भिंत चढून वॉरंटाविना सिम्पसनच्या आवारात उतरलेला आणि तो रक्ताळलेला हातमोजा सापडल्याचं सांगणारा हाच पोलीस. काळ्यांसाठीचा तो घाणेरडा शब्द गेल्या दहा वर्षांत आपण एकदाही उच्चारलेला नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. पुढे एका पटकथालेखिकेने त्याच्याशी केलेल्या गप्पांच्या ध्वनिफिती निघाल्या. त्यांत तो शब्द पुन्हा पुन्हा होताच, शिवाय संशयितांना झोडपण्याच्या बढाया होत्या. न्यायाधीश लान्स इटो यांनी त्या ढिगातले दोनच तुकडे ज्युरीला ऐकवू दिले. फरमनला पुन्हा बोलावलं तेव्हा, या खटल्यात तुम्ही पुरावा पेरलात का या प्रश्नावरही त्याने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनादत्त हक्क पुढे केला. ज्युरी तेव्हा दालनात नव्हती. १९९६मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाला त्याने विरोध केला नाही. २०० डॉलर दंड आणि तीन वर्षांचं प्रोबेशन. या दोन खुनांच्या प्रकरणात फौजदारी शिक्षेची नोंद ज्याच्या नावावर लागली तो माणूस हा.

बचाव पक्षाने पुरावा पेरल्याचं सिद्ध केलं का? नाही. माझ्या मते पेरलेला नव्हताही. डीएनएचा पसारा इतका होता की तो सगळा रचायला पोलिसांना ज्या दर्जाचा समन्वय लागला असता, तो त्यांच्या कामात दुसरीकडे कुठेच दिसत नाही. पण तसं सिद्ध करण्याचं ओझं बचावावर नव्हतंच. मुख्य साक्षीदार शपथेवर खोटं बोलला, नमुना भटकत राहिला, इतकं समोर असताना बारा माणसांनी आम्हाला खात्री वाटत नाही म्हणणं, हे कायद्यातच बसतं. त्या बारांत दोघे गोरे आणि एक हिस्पॅनिक होता. कॅलिफोर्नियात अशा खटल्याचा निकाल एकमतानेच द्यावा लागतो. एकटा गोरा ज्युरर अडून बसला असता तरी निकाल लागला नसता, फेरखटला झाला असता. उट्टं काढण्याची थिअरी मांडणारे या तिघांचं काय करतात, हे मला अजून कळलेलं नाही.

ज्या बाईच्या वाक्यावर सगळी भिस्त आहे, तिचंही पाहू. ते वाक्य ती निकालानंतर एकवीस वर्षांनी बोलली, आणि इतरांच्या मनातलं सांगत बोलली. खटला संपल्यावर लगेच याच बाईने आणखी दोन ज्युररांसोबत पुस्तक केलं होतं. त्यात भर आहे तो पुराव्यातल्या भोकांवर. दोन विधानांपैकी आपल्याला हवं ते उचलून दुसरं झाकून ठेवण्याला अभ्यास म्हणत नाहीत. आता, तिने स्वतः खरोखर उट्टं म्हणून मत दिलं असेल, तर ते मत चूक होतं. ज्युररच्या शपथेत अशा मताला जागा नाही. तिचा बचाव करण्याचं मला कारण नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रूढ मतात काळ्यांनी वंश पाहिला आणि गोऱ्यांनी पुरावा पाहिला, अशी वाटणी गृहीत धरलेली असते. जणू गोऱ्या माणसाच्या मताला रंगच नसतो. जनमत चाचण्यांत बहुसंख्य गोरे सिम्पसनला दोषी मानत होते आणि बहुसंख्य काळे मानत नव्हते, हे खरं. पण पोलीस सांगतात ते साधारणपणे खरं असतं, हा विश्वास गोऱ्यांना कुठून मिळाला? पोलिसांशी आलेल्या संबंधातून. आणि अविश्वास काळ्यांना कुठून मिळाला? तिथूनच, फक्त शहराच्या दुसऱ्या टोकाला.

लॉस एंजेलिसची ती चार वर्षं आठवा. ३ मार्च १९९१ला रॉडनी किंगला रस्त्यावर पाडून पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं. शेजारच्या इमारतीतून कुणी त्याचं चित्रण केलं नसतं तर तो पोलीस डायरीतला एक किरकोळ मजकूर ठरला असता. दोन आठवड्यांत, १६ मार्चला, लताशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची काळी मुलगी संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर दुकानातून निघाली असताना दुकानदारणीने डोक्यात गोळी घालून मारली. बाटलीची किंमत १.७९ डॉलर, पैसे मुलीच्या हातात होते. ज्युरीने दुकानदारणीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. न्यायाधीशबाईंनी तिला प्रोबेशन, समाजसेवा आणि ५०० डॉलर दंडावर सोडलं, एक दिवसही तुरुंग नाही. वॉरन ख्रिस्तोफर आयोगाने १९९१मध्येच पोलीस दलातल्या अतिरेकी बळाच्या वापराबद्दल आणि पोलीस गाड्यांतल्या संगणकांवरून फिरणाऱ्या वंशद्वेषी संदेशांबद्दल लिहून ठेवलं होतं. किंगचा खटला शहराबाहेर सिमी व्हॅलीत हलवला गेला, ज्युरीत एकही काळा माणूस नव्हता, आणि २९ एप्रिल १९९२ला जवळजवळ सगळे आरोप धुतले गेले. शहर पेटलं, साठाहून अधिक माणसं मेली. या शहरातून निवडलेल्या ज्युरीला फरमनच्या ध्वनिफिती ऐकवल्या गेल्या. तिला जे ऐकू आलं ते गोऱ्या ब्रेंटवुडच्या दिवाणखान्यात बसलेल्याला कसं ऐकू येणार?

काही वर्षांतच याच पोलीस दलाच्या रॅम्पार्ट विभागातल्या राफाएल पेरेझ या अधिकाऱ्याने, स्वतः कोकेन चोरताना सापडल्यावर, निरपराधांवर खोटे गुन्हे लादल्याची, शस्त्रं पेरल्याची कबुली दिली. शंभराहून अधिक शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यावरून सिम्पसनच्या घरामागचा हातमोजा पेरलेला होता असं ठरत नाही. पण ज्या शंकेला १९९५मध्ये कल्पनाविलास म्हणून हिणवलं गेलं, ती शंका त्या शहरात व्यवहारज्ञानाची होती एवढं नक्की ठरतं.

आणि रंग पाहून निकाल देणारी ज्युरी खरोखर कशी असते, याचा अमेरिकेला अनुभव नव्हता असंही नाही. १९५५मध्ये मिसिसिपीतल्या समनर गावी, चौदा वर्षांच्या काळ्या एमेट टिलच्या दोन मारेकऱ्यांना सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात निर्दोष सोडलं. काही महिन्यांत, जानेवारी १९५६मध्ये, त्या दोघांनी लूक मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सच्या मारेकऱ्यावर १९६४मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही गोऱ्या ज्युरींचं एकमत होईना. तो दोषी ठरला फेब्रुवारी १९९४मध्ये, बंडी ड्राइव्हच्या खुनांच्या जेमतेम चार महिने आधी. तीस वर्षं गोऱ्या ज्युरींविरुद्ध ओरड करणाऱ्या काळ्यांना तुम्ही न्यायव्यवस्थेवर विश्वास ठेवा असं सांगितलं जात होतं. तोच विश्वास एका निकालाने गोऱ्यांचा उडाला, तेव्हा मात्र ज्युरीपद्धतच मोडीत काढायच्या गोष्टी सुरू झाल्या.

आपल्याकडे हे मत मांडणारे शेवटी नानावटी खटल्यावर येतात, म्हणून दोन शब्द. १९५९मध्ये मुंबईच्या ज्युरीने कमांडर नानावटीला खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक मताने सोडलं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल अमान्य झाला, त्यांनी तो उच्च न्यायालयाकडे पाठवला आणि तिथे जन्मठेप झाली. त्या निकालाच्या मागेही ब्लिट्झ साप्ताहिकाची मोहीम होती, पारशी आणि सिंधी समाज समोरासमोर होते. तरी त्या ज्युरीबद्दल आपण म्हणतो की ती लोकभावनेत वाहून गेली. ज्युरर गोऱ्यागोमट्या नौदल अधिकाऱ्यावर भाळले तर ती भावना, आणि काळे ज्युरर खोटारड्या पोलिसावर रागावले तर तो वंशवाद. हे माप मला कळत नाही.

रंग कुणी पाहिला, याचा एक छापील दाखलाही आहे. २७ जून १९९४च्या टाइम आणि न्यूजवीकच्या अंकांवर सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो होता. टाइमने तो गडद करून छापला. दोन्ही अंक बुकस्टॉलवर शेजारी शेजारी लागल्यामुळे बोभाटा झाला. तेव्हा ज्युरीची निवडही झालेली नव्हती.

१९९७चा दिवाणी दावा हे पूर्वपक्षाचं राखीव अस्त्र: बहुसंख्य गोऱ्या ज्युरीने सिम्पसनला जबाबदार धरलं, ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायचा निकाल दिला, म्हणजे फरक फक्त कातडीचा! फक्त? दिवाणीत संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तराजू जरा झुकला तरी पुरतं. तिथे सिम्पसनला साक्ष द्यावी लागली. घटनास्थळी ज्या ब्रूनो माल्यी बुटांचे ठसे होते, तसे बूट आपण कधी घातलेच नाहीत म्हणणाऱ्या सिम्पसनचे तेच बूट घातलेले फोटो फौजदारी खटला संपल्यावर हाती आले. आणि फरमनला कुणी बोलावलंच नाही. एवढं सगळं बदलल्यावर निकाल बदलला, तर त्याचं श्रेय कातडीला देण्यासाठी बरंच काही विसरावं लागतं.

राहिल्या त्या टाळ्या. मुख्यतः काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात टाळ्या वाजवणारे विद्यार्थी सिम्पसनला आपला माणूस मानत होते, हे गृहीतकच तपासायला हवं. १९६८मध्ये समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स काळ्या खेळाडूंना ऑलिंपिकवर बहिष्कार टाकायला लावू पाहत होते, धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी मेक्सिकोत मुठी उंचावून आपलं करिअर पणाला लावलं. त्या वर्षी सिम्पसन त्या चळवळीपासून लांब राहिला. गोऱ्या ब्रेंटवुडमध्ये राहिला, गोऱ्या क्लबांत गोल्फ खेळला. आपल्या समाजासाठी त्याने आयुष्यात काही केलं नाही, हे काळ्या अमेरिकेला चांगलं ठाऊक होतं. टाळ्या होत्या त्या बहुधा सिम्पसनच्या वकिलासाठी, जॉनी कॉक्रनसाठी: व्यवस्थेला तिच्याच नियमांनी एकदा तरी चीत केल्याबद्दल. कॉक्रनने १९६६पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांच्या बाजूने खटले लढवले होते. त्याचा अशील जेरोनिमो प्रॅट १९७२पासून खोट्या पुराव्यावर तुरुंगात सडत होता आणि सिम्पसन सुटला त्या दिवशीही आतच होता, सुटला १९९७मध्ये. 

पण इथे काळ्या बाजूच्या उत्साही भाष्यकारांनाही थांबवायला हवं. हा निकाल म्हणजे लताशाचा किंवा किंगचा न्याय, असं म्हणणाऱ्यांची कीव येते. त्या निकालाने हार्लिन्स कुटुंबाला काय मिळालं? ज्याला मिळालं, त्याचं आणि या पोलिसांचं नातं पाहा. १ जानेवारी १९८९ची पहाट. आपत्कालीन फोनवरून आलेल्या पोलिसांसमोर झुडपांतून निकोल धावत आली: अंगावर ब्रा आणि चिखल लागलेली पॅंट, ओठ फाटलेला, गळ्यावर बोटांचे वळ. तो मला मारून टाकेल, असं तिने सांगितलं. तुम्ही आठ वेळा आलात आणि काहीच केलं नाहीत, असंही सांगितलं. पोलीस बोलत असताना सिम्पसन आपली बेंटली काढून निघून गेला. शिक्षा म्हणून समाजसेवा, थोडा दंड, आणि समुपदेशन, तेही फोनवर. या दलातले पोलीस त्याच्या घरी टेनिस खेळायला, पोहायला येत असत; त्यांना तिथे नेणाऱ्या त्याच्या पोलीस मित्रानेच पुढे ते न्यायालयात सांगितलं. किंगला लाठ्या घालणारं दल आणि सिम्पसनला सांभाळून घेणारं दल एकच. त्याला दर वेळी वाचवलं ते प्रसिद्धीने आणि पैशाने. खुनांच्या खटल्यात मात्र त्या दलाची खरी कीर्ती त्याच्या कामी आली. निकोलचं म्हणणं ऐकायची वेळ होती तेव्हा ना काळ्यांनी मोर्चा काढला, ना गोऱ्यांनी.

पुढे काळ्या अमेरिकेचं मत काय झालं? २०१५च्या वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसीच्या चाचणीत निम्म्याहून अधिक काळ्यांनी तो बहुधा दोषीच होता असं सांगितलं. वंशाची आंधळी निष्ठा अशी वीस वर्षांत विरघळत नसते. माणसाबद्दलचं मत बदललं. पोलिसांबद्दलचं बदलायला पोलिसांनी कारण दिलं नाही.

उट्टं काढणाऱ्या ज्युरीचा ज्यांना मनापासून संताप आहे, त्यांनी नेवाडाचा खटलाही वाचावा. सप्टेंबर २००७मध्ये लास व्हेगासच्या हॉटेलात आपल्याच स्मरणवस्तू परत घेण्यासाठी सिम्पसन हत्यारबंद साथीदारांसह घुसला. गुन्हा खराच होता. ज्युरीत एकही काळा माणूस नव्हता. निवडीच्या वेळी दोन काळ्या उमेदवारांना वगळलं गेलं होतं, आणि निवडलेल्यांपैकी काहींनी प्रश्नावलीत लिहून दिलं होतं की १९९५चा निकाल त्यांना मान्य नाही. दोषी ठरवल्याची तारीख ३ ऑक्टोबर २००८, पहिल्या निकालाला बरोबर तेरा वर्षं. शिक्षा कमाल ३३ वर्षं, किमान नऊ. वगळलेल्या त्या दोघांचा मुद्दा अपिलात मांडला गेला, नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये तो फेटाळला, आणि त्या ज्युरीचा रंग मृत्युलेखांत मला कुठे दिसला नाही.